उतरंडीचा कैवार

आम्ही राहतो त्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा गेल्या पावसाळ्यात भरली होती. हिशेब मंजूर झाले, गच्चीच्या गळतीवर नेहमीप्रमाणे तासभर वाद झाला, आणि मंडळी उठावयाच्या बेतात असता एका सभासदांनी ठराव मांडला, की इमारतीला दोन लिफ्टा आहेत, त्यांपैकी मागल्या बाजूची घरकामाच्या बायका, दूधवाले व केर नेणारे यांच्याकरिता राखावी आणि पुढली केवळ सभासद व त्यांचे पाहुणे यांनी वापरावी. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ‘का?’ एवढेच विचारले. उत्तर देण्यास जे गृहस्थ उठले ते चांगले वाचलेले, मोठ्या हुद्द्यावर काम केलेले आणि बोलण्यात अत्यंत सौम्य असे आहेत. ते म्हणाले, यात कोणाचा अपमान नाही. उच्चनीच क्रम हा निसर्गाचाच नियम आहे. कोंबड्यांच्या खुराड्यात कोणी कोणाला टोचावयाचे हे ठरलेले असते, लांडग्यांच्या टोळीत एक म्होरक्या असतो व बाकीचे त्याच्यापुढे शेपूट घालतात. ज्या समूहात प्रत्येकाला आपली पायरी कळत नाही तेथे भांडणे होतात. मंडळींनी माना डोलावल्या. ठराव मंजूर झाला. आम्ही त्या सभेत हजर होतो आणि गप्प बसलो, हे येथे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहीत आहोत ते त्या वेळी बोलावयास हवे होते.

हा युक्तिवाद त्या एका गृहस्थांचा असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु तो आज सर्वत्र ऐकू येतो. कचेऱ्यांतून व्यवस्थापनाची व्याख्याने देत हिंडणारे वक्ते तरुणांस ‘आल्फा’ होण्याचा उपदेश करितात. आत्मोन्नतीच्या पुस्तकांत लांडग्यांची चित्रे असतात. आणि घरात नवी सून स्वतंत्र मत सांगू लागली तर ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ या जुन्या म्हणीला आता प्राणिशास्त्राचा आधार दिला जातो. आमच्या आजोबांच्या पिढीत हेच काम पोथीकडून करवून घेत असत. साक्षीदार बदलला आहे, फिर्याद तीच आहे. तेव्हा या नव्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणे प्राप्त आहे. आणि ती घेताना आम्हांस असे आढळले, की त्याने न्यायासनापुढे जे सांगितले त्यातील निम्मेच वकिलांनी आपल्या कानांवर घातले आहे.

कोंबड्यांपासून आरंभ करू. टोर्लाइफ शेल्देरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन गृहस्थांना लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोण कोणाला टोचते आणि कोण निमूटपणे टोचून घेते, याच्या नोंदी ते पोरवयातच ठेवू लागले. अशा निरीक्षणांवरून १९२२ साली त्यांनी जर्मन भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला आणि टोचण्याच्या क्रमाची कल्पना शास्त्रात रूढ झाली. पहिली कोंबडी सर्वांना टोचते, दुसरी पहिलीखेरीज सर्वांना, आणि शेवटची बिचारी सर्वांकडून टोचून घेते व स्वतः कोणालाच टोचू शकत नाही. दाणा पडला की आधी कोणी जावयाचे हे ठरून गेलेले असते, म्हणून रोजची झटापट टळते. इतका भाग आमच्या सभेतील गृहस्थांना ठाऊक होता. पण त्याच निरीक्षकाने आणखीही काही पाहिले होते. हा क्रम दर वेळी शिडीसारखा सरळ नसतो. एक कोंबडी दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलटून पहिलीलाच टोचते, असे त्रिकोण त्यांना आढळले. ज्या शिडीची वरची पायरी खालच्या पायरीखाली निघते तिला शिडी म्हणावे की काय, हे वाचकांनीच ठरवावे. शिवाय खुराडे हे माणसाने केलेले आहे. आपण तारेचे कुंपण घालतो, एकाच जागी दाणे फेकतो, आणि मग कोंबड्या भांडतात म्हणून त्यांच्या स्वभावावर ग्रंथ लिहितो. रानकोंबड्यांतही मानापमान असतातच; परंतु ज्या कोंबडीला तेथे टोचणे असह्य होते तिला पळून जावयास रान असते.

शेल्देरुप-एब्बे पुढे कोंबड्यांवर थांबले नाहीत. निरंकुश सत्ता हेच साऱ्या विश्वाचे मूलसूत्र आहे, या निर्णयापर्यंत ते जाऊन पोहोचले. खुराड्यातून विश्वात उडी मारण्याची ही सवय केवळ कोंबड्यांच्या अभ्यासकांनाच असते असे नाही. या संशोधकांना आपल्या देशात विद्यापीठातील मानाची जागा काही मिळाली नाही. ज्या उतरंडीचे शास्त्र त्यांनी सांगितले तिच्यात ते स्वतः खालच्याच मडक्यांत राहिले. असो.

लांडग्यांची हकीकत याहूनही बोधप्रद आहे. रुडोल्फ शेंकेल या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने बाझेल येथील प्राणिसंग्रहालयात बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली एक निबंध लिहिला. त्या लहानशा आवारात ठेविलेले लांडगे एकमेकांवर गुरकावत, वरचा नर व वरची मादी आपले स्थान राखण्यासाठी सतत झगडत. ‘आल्फा’ लांडग्याचा जन्म या निबंधात झाला. १९७० साली डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने लांडग्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात ही कल्पना घेतली, आणि त्या ग्रंथाबरोबर ती जगभर पसरली. मग हेच मेक १९८६ पासून कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समियर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे काढून रानातील एका टोळीजवळ राहिले. तेथे त्यांनी काय पाहिले? टोळी म्हणजे एक बाप, एक आई आणि त्यांची मागल्या एकदोन वर्षांची पिले. म्होरक्या म्हणजे बाप. तो कोणाशी लढून म्होरक्या झालेला नाही, तो आधी जन्मला आणि त्याला पोरे झाली, एवढेच. पोरे मोठी झाली की आपली वाट धरतात, जोडीदार शोधतात व आपापल्या टोळीचे आईबाप होतात. १९९९ साली मेक यांनी निबंध लिहून स्पष्ट सांगितले, की रानातील लांडग्याला ‘आल्फा’ म्हणणे म्हणजे घरातील बापाला ‘आल्फा’ म्हणण्यासारखे आहे. आपला १९७०चा ग्रंथ पुन्हा छापू नये अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकांस केली. स्वतःच्या सर्वाधिक खपलेल्या ग्रंथावर बंदी मागणारा ग्रंथकार आमच्या ऐकण्यात दुसरा नाही, आणि त्या प्रामाणिकपणाला आमचा नमस्कार आहे. मात्र लेखकाने टाकून दिलेली कल्पना व्याख्यात्यांनी उचलून घेतली, आणि ती पावसाळ्यात आमच्या सभेपर्यंत येऊन पोहोचली.

बाझेलच्या लांडग्यांना जे झाले ते लंडनच्या वानरांनाही झाले होते. १९२५ साली तेथील प्राणिसंग्रहालयात एक कृत्रिम टेकडी बांधून तिच्यावर सुमारे शंभर हमाद्र्यास बबून सोडण्यात आले. ते जवळजवळ सगळे नर होते. दोन वर्षांनी त्यांत ३० माद्या आणून सोडल्या. त्यांच्यासाठी नरांत जी झोंबाझोंबी झाली तीत नर तर मेलेच, पण ओढाताणीत बहुतेक माद्याही मेल्या. सॉली झुकरमन यांनी यावर १९३२ साली पुस्तक लिहिले आणि वानरसमाज म्हणजे रक्तपात ही समजूत कित्येक वर्षे शिष्टसंमत झाली. पुढे हान्स कुमर यांनी इथिओपियाच्या खडकाळ मुलखात तेच बबून मोकळेपणी पाहिले, तेव्हा असे दिसले की एका नराच्या कुटुंबातील मादीवर ओळखीचे दुसरे नर सहसा हात टाकीत नाहीत. लंडनमध्ये अनोळखी नरांचा बाजार भरविला होता. त्यास समाज म्हणणे हाच मूळ दोष.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही सोयीची उदाहरणे निवडीत आहात. रानातही क्रौर्य असते. असते, आणि ते झाकण्याची आमची इच्छा नाही. आपल्या शेजारच्या धारवाडजवळच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६०नंतरच्या दशकात आपल्या हनुमान वानरांचे, म्हणजे काळतोंड्या माकडांचे, निरीक्षण केले. बाहेरून आलेला नर टोळीतील जुन्या नराला हुसकून लावतो व अंगावर पिणारी पिले मारून टाकतो, हे त्यांनी प्रथम नोंदविले. अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनीही तेच पाहिले. ज्याला आपण शेंदूर लावून नमस्कार करितो त्याच्या कुळातील ही गोष्ट आहे. निसर्गात दया भरून राहिली आहे असा आमचा दावाच नाही. आमचा दावा एवढाच, की निसर्गाला साक्षीस बोलवावयाचे तर त्याची सबंध साक्ष ऐकून घ्यावी.

ती सबंध ऐकली म्हणजे काय निघते ते पाहा. हॉलंडमधील आर्नेम येथे चिंपांझींची एक मोठी वसाहत आहे. फ्रान्स द वाल यांनी तिच्यातील राजकारणावर १९८२ साली ग्रंथ लिहिला. येरून नावाचा म्हातारा नर, लाउट नावाचा बलवान नर आणि निकी नावाचा तरुण नर यांच्यात तेथे वर्षानुवर्षे सत्तेचा खेळ चालला. अंगबळात लाउट पुढे होता. पण येरून ज्याच्या पाठीशी उभा राहील तोच वर बसे, आणि म्हाताऱ्याने निकीला हाताशी धरले. पुढे लाउटचे दिवस पुन्हा फिरले आणि १९८० साली एका रात्री त्या दोघांनी मिळून त्याला इतके फाडले, की तो त्यातून उठला नाही. हा प्रकार भयंकर आहे. पण द वाल यांची दुसरी नोंद आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. भांडण झाल्यावर हे प्राणी लांब पळून जात नाहीत. थोड्या वेळाने ते एकमेकांजवळ येतात, हात पुढे करितात, तोंडाला तोंड लावतात. दोघे नर फुरंगटून बसले तर एखादी वडीलधारी मादी मध्यस्थी करते. तेथे मामा नावाची एक मादी होती. नर कोणीही वर असो, तिचा शब्द चाले. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, हे वाचताना गंमत वाटते. पण काम तिचे आपल्या मामासारखेच होते. म्हणजे वर बसणाऱ्याचे आसन खालच्यांच्या संमतीवर टेकलेले असते, आणि भांडण मिटविण्याची कला भांडण्याइतकीच जुनी असते.

केनियातील बबूनांची हकीकत तर कादंबरीत घालण्यासारखी आहे. रॉबर्ट सापोल्स्की हे एका टोळीचा अभ्यास करीत होते. जवळच्या प्रवासी निवासाच्या उकिरड्यावर दुसऱ्या टोळीचा ताबा होता. तिच्याशी मारामारी करून तेथे खावयास जाण्याची ताकद सापोल्स्कींच्या टोळीतील सर्वांत तापट नरांच्याच अंगी होती. १९८०नंतरच्या त्या दशकात उकिरड्यावरील रोगट मांसातून क्षय पसरला आणि उकिरड्यावर जाणारे सगळे दांडगे नर मेले. मागे राहिले ते स्वभावाने सौम्य नर, माद्या आणि पोरे. टोळी बुडाली का? नाही. ती निवांत झाली. वरचे नर खालच्यांना विनाकारण छळीनासे झाले. बबूनांत नर वयात आला की आपली टोळी सोडून दुसरीत जातो. त्यामुळे दहाएक वर्षांत जुने सौम्य नरही उरले नाहीत, सगळे बाहेरून आलेले होते. तरीही टोळीची रीत तीच राहिली. नव्याने येणारे त्या टोळीत येऊन तसे वागावयास शिकत. हे सर्व २००४ साली प्रसिद्ध झाले आहे. वरचे-खालचे तेथेही होते. पण ते किती बोचावे हे स्वभावाबरोबर रिवाजानेही ठरते, आणि रिवाज एका पिढीत बदलू शकतो, असे माकडांनीच दाखविले. आमच्या सभासदांनी लांडग्यांऐवजी या माकडांचा दाखला दिला असता तर ठराव मंजूर होणे जड गेले असते.

आता पुन्हा कोंबड्यांकडे येतो, कारण त्यांच्याच साक्षीने त्यांच्याविरुद्ध झालेला निकाल फिरवावयाचा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युर यांनी अंड्यांवर बसणाऱ्या नव्हे, अंडी विकून पोट भरणाऱ्यांच्या उपयोगाचा एक प्रयोग केला. धंद्यात एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या कोंबतात. त्या एकमेकींना टोचून मारतात म्हणून त्यांच्या चोचीच छाटून टाकतात. म्युर यांनी चोची छाटल्या नाहीत. पैदाशीसाठी त्यांनी सर्वांत जास्त अंडी घालणारी एकेकटी कोंबडी निवडली नाही. ज्या पिंजऱ्यातील कोंबड्यांनी मिळून सर्वांत चांगले काम केले तो सबंध पिंजरा निवडला. १९९६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे असे: दुसऱ्या पिढीत वर्षाला शेकडा ६८ कोंबड्या मरत होत्या, चौथ्या पिढीत शेकडा ८.८ मरू लागल्या. पिंजऱ्यात घातलेल्या दर कोंबडीमागे वर्षाला ९१ अंडी मिळत होती, ती २३७ मिळू लागली. कारण उघड आहे. जी एकटी सर्वांपुढे दिसते ती पुष्कळदा शेजारणींच्या तोंडचे काढून पुढे गेलेली असते. तिचीच वीण वाढविली तर पिंजराभर तिच्यासारख्या होतात, आणि मग कोणाचेच धड होत नाही. आमच्या ओळखीच्या एका तरुणाच्या कचेरीत दरवर्षी प्रत्येक विभागातील ‘सर्वोत्तम’ एकास बढती व ‘सर्वांत मागल्या’ एकास नारळ देण्याची पद्धत होती. तीन वर्षांत तेथे कोणी कोणास काही शिकवीनासा झाला. कोंबड्यांच्या व्यापाऱ्यास जे आकड्यांवरून कळले ते त्या साहेबांस कळावयाचे आहे.

माणसांवर असे प्रयोग झाले नाहीत असे नव्हे. मुझफर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ओक्लाहोमा राज्यातील एका डोंगराळ उद्यानात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांची दोन टोळकी पाडली. सामन्यांतून चढाओढ लावताच टोळक्यांत झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर छापे घालणे इथपर्यंत मजल गेली. नंतर पाण्याची टाकी बिघडली आहे, खाणे आणणारी मोटार अडकली आहे, अशी दोघांनी मिळून निस्तरावयाची संकटे त्यांच्यापुढे ठेविली, तेव्हा वैर ओसरले. पाठ्यपुस्तकांत ही हकीकत असते. जे पुस्तकांत सहसा नसते ते असे, की आदल्याच वर्षी, १९५३ साली, याच शेरीफांनी दुसरीकडे असे शिबिर भरविले होते. तेथे मुलांची आधी एकमेकांशी ओळख होऊ दिली होती. मग तुकड्या पाडून प्रौढांनी भांडणे लावण्याचा आटोकाट प्रयत्न केला. पण मुले काही भांडेनात. उलट हे सर्व मोठ्यांचेच कारस्थान असावे असा त्यांना संशय आला! प्रयोग गुंडाळावा लागला. ज्या मुलांनी भांडण्याचे नाकारले त्यांची गोष्ट शास्त्राने पन्नास-साठ वर्षे पेटीत ठेवली, यावरूनच आपल्याला कोणत्या गोष्टी ऐकावयास आवडतात ते दिसते.

परंतु दूरचे डोंगर कशाला? आमच्या खानदेशात व नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालचे रान काही फडांत वाटलेले. एका फडात एका हंगामी एकच पीक. आणि शेतकऱ्याची जमीन साधारणपणे निरनिराळ्या फडांत विखुरलेली. यातील शहाणपण सहजी ध्यानात येत नाही. पाणी कमी पडले आणि एक फड कोरडा ठेवावा लागला तर त्याची झळ मोठ्यालाही लागते व लहानालाही. वरच्या बाजूचा जमीनदार पाणी अडवून खालच्याला वाळवू पाहील तर त्याचेच खालच्या फडातले शेत वाळते. पाणी सोडणे हे पाटकऱ्याचे काम. तो सर्वांनी नेमलेला, सर्वांच्या पिकातून पोसलेला. इतरत्र ज्या गोष्टीवरून डोकी फुटतात ती येथे पिढ्यान्पिढ्या चालली. फडातील शेतकरी काही संत नव्हते. बांध कोरण्याची हौस त्यांनाही असेल. त्यांच्या पूर्वजांनी व्यवस्थाच अशी बांधली, की शेजाऱ्याच्या तहानेत आपली तहान गुंतून राहावी.

१९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत काढली, ती याहूनही पुढे गेली. साळुंखे व्यवसायाने अभियंते व कारखानदार. नायगावात त्यांनी जो नियम घातला त्याने भल्याभल्यांची झोप उडाली: पाणी जमिनीच्या मानाने मिळावयाचे नाही, माणसांच्या मानाने मिळेल. दर डोई अर्ध्या एकरास पुरेल इतके पाणी. पाच माणसांच्या कुटुंबास अडीच एकरांचे. मग तुमची जमीन तीस एकर असो. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, पंचायतीकडे परत येईल. हे सर्व १९७४पासून त्या माळरानावर प्रत्यक्ष चालविले गेले. पाण्यासारख्या वस्तूला कोणी मालक नसला तर सर्व मिळून तिचा नाश करितात, असे १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते व ते पुष्कळांना वेदवाक्य वाटत होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची अशी गावकीची पाणी, कुरणे व मासेमारी तपासून ते खोडून काढले आणि त्यासाठी तिला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या फडकऱ्यांना नोबेल ठाऊक नव्हते. त्यांनी पाणी तेवढे चालू ठेवले.

मात्र सहकार हा शब्द उच्चारला की सर्व पापे धुतली गेली, असे आम्ही मानीत नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, ही महाराष्ट्राला भूषण असणारी गोष्ट होय. एका सभासदास एक मत, मग त्याचा ऊस एकरभर असो की वीस एकर. पण त्या उसाला कोयता लावणाऱ्याला मत नाही. तो सभासद नाही. बीडकडून बैलगाडी घेऊन दरसाल उतरणारे ते नवराबायकोचे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, आणि हिशेबात त्या दोघांना मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांचे मिळून एक हत्यार! कुंपणाच्या आत सहकार आणि बाहेर उतरंड, ही आमची खास देशी तडजोड आहे. आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या नावातही ‘सहकारी’ हा शब्द आहे, याची आठवण येथे होते.

या तडजोडीचे मर्म ओळखले ते डॉ. आंबेडकरांनी. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील प्रबंधात त्यांनी दाखविले, की जातिभेद हा कामाचा विभाग नसून काम करणाऱ्यांचीच वर्गवारी आहे. आणि तिचा टिकाऊपणा कशात आहे तोही त्यांनी सांगितला. पायऱ्या उतरत्या असल्यामुळे अगदी तळची सोडून प्रत्येकाला आपल्याखाली कोणी तरी असतेच, आणि त्याला टोचण्याचे सुख सोडून वरच्याविरुद्ध एक होण्यास कोणी तयार होत नाही. मडक्यांची उतरंड पाहा. वरच्याचा भार खालच्यावर असतो खरा. पण मधले मडके हालले तर आपणही फुटू, म्हणून तेच सर्वांत निश्चल बसते. आम्ही सुशिक्षित मध्यमवर्गीय म्हणजे हे मधले मडके.

शिकलेल्या घरांतून आज जातीचे नाव कोणी घेत नाही. पण घरकामाच्या बाईंचा कप वेगळा असतो. तो बहुधा कान तुटलेला असतो व मोरीजवळच्या फळीवर पालथा घातलेला असतो. का, असे विचारले तर स्वच्छतेचे कारण सांगतात. ज्या हातांनी घरातील सर्व कप धुतले जातात त्या हातांचे तोंड तेवढे अस्वच्छ, हे तर्कशास्त्र आम्हांस अजून उमगलेले नाही. आमच्याही घरी असा कप होता. सासूने सुनेला बोलावे, सुनेने तो राग बाईंवर काढावा, बाईंनी घरी जाऊन पोरीच्या पाठीत धपाटा घालावा, हा टोचण्याचा क्रम वाचकांनी कोंबड्यांत पाहण्यापूर्वी घरात पाहिलेला आहे. ठराव झाल्यापासून आमच्या इमारतीच्या राखणदारात झालेला बदलही आम्ही पाहत आहोत. पूर्वी तो या बायकांशी गावाकडच्या गोष्टी बोलत बसे. एकीचा तर तो दूरचा भाऊ लागतो. आता तो पुढल्या लिफ्टपाशी खुर्ची टाकून बसतो आणि त्याच बायकांना ओरडून मागे पिटाळतो. त्याला स्वतःलाही मागलीच लिफ्ट वापरावयाची आहे. कोणाचा स्वभाव दोन महिन्यांत असा पालटत नाही. त्याला हातात काठी मिळाली, आणि खाली कोण हे ठरवून मिळाले.

आता शेवटला आक्षेप. कोणी तरी वर असल्यावाचून काम कसे व्हावे? शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती मतदान घ्यावयाचे काय? मुळीच नाही. नावेत नावाड्याचे ऐकावे, शस्त्रक्रियेत शल्यवैद्याचे. मुंबईच्या डबेवाल्यांच्या गटात मुकादम असतो. तो तंटे मिटवतो आणि कोणी गैरहजर असला तर त्याचे डबे स्वतः उचलतो. हा अधिकार कामातून निघतो व काम संपले की संपतो. नाव काठाला लागल्यावर नावाड्याने उतारूंच्या डोक्यावर पाय देऊन उतरावे असे कोणी म्हणत नाही. उतरंडीचे तसे नसते. ती कामाच्या वेळी असते, जेवणाच्या वेळी असते, आणि लिफ्टमध्येही बरोबर येते. आपल्या प्राचीन राजनीतिकारांनी मोठा मासा लहान माशाला गिळतो या मत्स्यन्यायाची चर्चा महाभारतात व कौटिल्याच्या ग्रंथात केली आहे. तळ्यात काय चालते ते त्यांनाही दिसत होते. पण राजसत्ता कशासाठी, तर हे माणसांत होऊ नये यासाठी, असे ते सांगतात. त्यांच्या राजांनी ते कितपत पाळले हा भाग निराळा. तळ्याकडे बोट दाखवून माशांसारखे वागा असे सांगण्याचे धाडस मात्र त्यांनी केले नाही. ते आमच्या वार्षिक सभेत झाले.

मागली लिफ्ट महिन्यातून आठदहा दिवस बंद असते. त्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई पाच मजले जिन्याने चढून येतात. त्यांचे वय साठीच्या घरात आहे. सहकार कायद्याप्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. आमच्या संस्थेचे सभासद चाळीस आहेत, तेव्हा आठ सह्या हव्यात. पहिली सही त्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी केली, दुसरी आम्ही; आजवर सहा झाल्या आहेत. लांडग्यांचा दाखला देणाऱ्या गृहस्थांकडे अर्ज घेऊन आम्ही येत्या रविवारी सकाळी जाणार आहोत.